चाल जराजरा

यंदा थंडी उशिरा आली. दिवाळी संपली, फराळाचे डबे रिकामे झाले, तरी दुपारी पंखा लावावा लागत होता. मग मागच्या पंधरवड्यात एका पहाटे पाय पांघरुणाबाहेर राहिले होते आणि त्यांच्या गारव्यानं मला जाग आली. बाकीच्यांना थंडी नाकाला, कानाला कळते. मला ती पायांना कळली, आणि माझ्या पायांना काही कळलं की मला आनंद होतो. थोडा वेळ तशीच पडून राहिले. डाव्या पायाची बोटं हलवून बघितली, मग उजव्या पायाची. उजवी जरा उशिरानं हलली, पण हलली. बाहेर कुणीतरी मोटारसायकलला किका मारत होतं. एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारी माणसं निघाली होती. मनात म्हटलं, आला आपला ऋतू.

उन्हाळ्यात मी अशी नसते. जालन्याचं ऊन पत्र्यावरून भिंतीत आणि भिंतीतून अंगात शिरतं, तेव्हा माझे पाय माझे राहत नाहीत. नुसतं गरम पाण्यानं आंघोळ केली तरी गुडघ्याखाली कापूस गुंडाळल्यासारखं होतं. म्हणून लोक ज्या दिवसांत स्वेटर काढतात, त्या दिवसांत मी बूट काढते. कपाटाच्या खालच्या कप्प्यातून ते काढले, पुसले, नाड्या बांधल्या आणि चार वर्षांपूर्वीचा तो हिवाळा माझ्या पुढ्यात येऊन बसला.

त्या हिवाळ्याआधी मी वर्षभर अडखळत होते, आणि ते सगळ्यांत आधी ओळखलं जुन्या जालन्यातल्या एका चप्पल शिवणाऱ्या काकांनी. कापडबाजारात गेले की मी त्यांच्याकडं थांबायची. एकदा त्यांनी माझी जोडी उलटी धरली आणि विचारलं, ताई, तुमच्या उजव्या चपलेचा पुढचा भाग तेवढा घासतो, पाय ओढता का तुम्ही? मी हसले आणि नाही म्हणाले. घरी येताना फरशीवरून चालताना लक्ष देऊन ऐकलं. एक पाऊल वाजत होतं आणि दुसरं घासत होतं. टप्, सर्र. टप्, सर्र. इतके दिवस ते आपल्याला कसं ऐकू आलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

मी बियाण्यांच्या एका कंपनीत उगवण तपासायचं काम करते. पिशवीतलं बी खरोखर उगवतं का, हे ती पिशवी शेतकऱ्याच्या हातात जाण्याआधी आम्ही बघतो. ओल्या कागदावर शंभर-शंभर दाणे मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची, थंड खोलीत उभी ठेवायची आणि ठरलेल्या दिवशी उलगडून कोंब मोजायचे. सरळ आलेले वेगळे, वेडेवाकडे वेगळे, कुजलेले वेगळे. काम सोपं दिसतं, पण सगळं उभ्यानं. थंड खोली ते टेबल, टेबल ते थंड खोली, दिवसातून किती वेळा ते मोजलेलं नाही. त्या वर्षी एप्रिलमध्ये वाळूचा ट्रे घेऊन येताना मी पडले. ट्रे फुटला नाही, पण वाळू सगळीकडं पसरली आणि त्यात नुकतेच वर आलेले भुईमुगाचे कोंब. मला लागलं होतं की नाही ते आठवत नाही. ते कोंब आठवतात.

मग तपासण्या सुरू झाल्या. कुणी साखर बघा म्हणालं, कुणी मणका. एका नातेवाइकांनी तर कुणाची दृष्ट लागली असेल म्हणून सांगितलं. शेवटी छत्रपती संभाजीनगरला एमआरआयच्या मोठ्या यंत्रात डोकं घालून पाऊण तास निजले, आणि डॉक्टरांनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूतून आणि मणक्यातून जाणाऱ्या तारांवरचं वेष्टण आपलंच शरीर कुरतडतं, म्हणाले. माझे मिस्टर, दत्तात्रय, लोखंडी सळया करणाऱ्या री-रोलिंग मिलमध्ये शिफ्ट सुपरवायझर आहेत. त्यांना ते लगेच समजलं. परतीच्या गाडीत ते एवढंच म्हणाले, "म्हणजे वायर चांगली आहे, इन्सुलेशन गेलंय."

औषध सुरू झालं. ते आजही चालू आहे, आणि आजार आवरून धरायचं काम तेच करतं, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी जे सांगणार आहे ते ऐकून कुणाला वाटायचं की गाण्यानं आजार बरा होतो. तसं काही नाही. गाण्यानं माझा आजार बरा झाला नाही. गाण्यानं मी चालले.

त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मात्र मी चालणं जवळजवळ सोडलं होतं. कॉलनीतून जाताना तोल जायचा, हात आपोआप भिंत शोधायचा. समोरच्या घरातल्या बाईंनी एकदा आमच्या शेजारणीला हळूच विचारलं होतं की मी दारूबिरू घेते का. शेजारणीनं ते मला सांगितलं, चांगल्या हेतूनंच सांगितलं असेल. त्यानंतर मी घराच्या गेटापासून कंपनीच्या गेटापर्यंत कुणाच्या तरी गाडीवर मागं बसून जायला लागले. कंपनीत साहेबांनी समजुतीनं घेतलं. टेबलाशी बसून नोंदी करायचं काम दिलं आणि दिवाळीनंतर कपाशीच्या बियाण्याचे नमुने यायला लागले की काय करायचं ते बघू, असं म्हणाले. त्या 'बघू'चा अर्थ मला कळत होता. राजीनाम्याचा कागद मी लिहून पर्समध्ये ठेवला होता.

आणि दिवाळीनंतर बापू आले.

बापू म्हणजे माझे सासरे. वाटूरला असतात. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पीटीचे मास्तर होते. लेझीम, कवायत, पंधरा ऑगस्टचं संचलन, सगळं त्यांच्या शिट्टीवर चालायचं. सासूबाई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. बापू एकटेच शेताकडं बघत राहायचे आणि जालन्याला आले तरी दोन दिवसांत त्यांना परतीची एसटी दिसायला लागायची. पण मिस्टरांची शिफ्ट बदलती, लेक पुण्याला शिकायला, मी घरात एकटी, म्हणून मिस्टरांनी त्यांना बोलावून घेतलं. मला ते मनापासून आवडलं नव्हतं, हे आज कबूल करायला हरकत नाही. वीस वर्षांत आमच्या दोघांत चहा आणि जेवणापलीकडं बोलणं झालं नव्हतं. ताठ कण्याचा माणूस. चालायला लागला की बरोबरच्याला पळावं लागायचं. अशा माणसासमोर घरभर भिंती धरत फिरायचं, या विचारानंच मला संकोच व्हायचा.

ते आले त्याच आठवड्यात मी फिजिओच्या मॅडमकडं जायला लागले. जुन्या जालन्यात धान्याच्या ठोक दुकानांच्या मागं त्यांचं केंद्र आहे, तळमजल्यावर. मॅडमनी मला लांब व्हरांड्यात चालायला लावलं, बघितलं आणि मोबाइल काढून त्यातला एक आवाज चालू केला. घड्याळासारखी टिकटिक. "प्रत्येक टिकेला एक पाऊल टाका," त्या म्हणाल्या. "पायाकडं बघू नका. फक्त ऐका."

मी ऐकलं. पहिली दहा-बारा पावलं गोंधळाची गेली. मग काहीतरी झालं. उजवा पाय टिकेच्या आधीच उचलला जायला लागला, जणू त्याला माहीत होतं की आता आपली पाळी येणार. घासण्याचा आवाज थांबला. व्हरांड्याच्या टोकाला पोचले आणि मागं वळून बघितलं, तर माझाच विश्वास बसेना. मॅडमनी समजावून सांगितलं की पायाला हुकूम द्यायचा डोक्यातला नेहमीचा रस्ता खराब झालाय, पण कानातून जाणारा एक रस्ता अजून बरा आहे. ठरलेल्या अंतरानं ठोका आला की शरीर पुढच्या ठोक्याची वाट बघतं आणि पाय तयार राहतो. मात्र ठोका आपल्या चालीपेक्षा फार वेगळा नको. आधी आपली जी चाल असेल तीच धरायची, मग अगदी थोडी, अगदी थोडी वाढवायची.

घरी मात्र ती टिकटिक मला सोसवेना. सकाळी पाच मिनिटं ऐकली की वाटायचं, आपण परीक्षेच्या हॉलमध्ये बसलोय आणि पेपर कोरा आहे. मिस्टरांनी मोबाइलवर सिनेमातली गाणी लावून बघितली. काही इतकी जोरात पळायची की मी दारातच थांबायची, काहींचा ठेका सतारी-बासऱ्यांत कुठं हरवायचा ते कळायचं नाही. बापू ओट्यावर पेपर धरून बसलेले असायचे. तिसऱ्या दिवशी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, मी पण येतो मॅडमकडं.

मॅडमकडं ते खुर्चीवर ताठ बसून सगळं ऐकत होते. मग वर्गात शंका विचारावी तसं विचारलं, "पहिलं पायाचा ठेका मोजायचा आणि मंग वाजवायचं, बराबर?" मॅडम हो म्हणाल्या. बापूंनी मान हलवली. "आम्ही उलटं करायचो. आधी वाजवायचो, मंग पोरांचे पाय त्याच्यावर आणायचो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांनी मला कॉलनीच्या मागं नेलं. तिथं एक लेआउट पडलंय, प्लॉटचे दगड रोवलेले आहेत, मधून डांबराचा सरळ रस्ता आहे आणि पलीकडं हरभऱ्याचं शेत. घाटे धरायला अजून वेळ होता, पण पानांवरच्या दवाचा तो आंबट वास रस्त्यापर्यंत येत होता. बापू मनगटावरच्या घड्याळाकडं बघत माझ्या शेजारून चालले. मी पावलं टाकत होते आणि ते ओठांतल्या ओठांत मोजत होते. ते इतकं हळू चालू शकतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. मोजून झाल्यावर घरी आले, तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, त्याला दोन बाजूंनी भोकं पाडून नाडा ओवला आणि गळ्यात अडकवला. लाटणं माझं घेतलं. विचारून घेतलं, एवढं म्हणते.

आणि वाजवायला लागले. शाळेतला ढोल त्यांच्या हातात तसाच होता. मधल्या बोटानं कडेला बारीक, लाटण्यानं मध्यावर जड. बारीक-बारीक-जड, बारीक-बारीक-जड, आणि जडावर माझं पाऊल. थोड्या वेळानं नुसत्या डब्यानं त्यांचं भागेना. ते गायला लागले. कुठलंही माहितीतलं गाणं नव्हतं ते. त्यांनी तिथल्या तिथं जुळवलं होतं, एका पावलाला एक शब्द:

ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा,
करडी, जवस, चाल जराजरा.

मला हसू आलं. हसता हसता चाल सुटली, तर ते पुन्हा ज्वारीपासून. रोज ज्या बियांचे कोंब मी मोजते, त्याच माझ्या पायात येऊन बसल्या होत्या. मराठीत गाण्याला लावतात तीही चाल आणि पायांची असते तीही चाल. आमच्या भाषेला हे फार पूर्वीपासून माहीत असणार, मला मात्र चाळिशी उलटल्यावर ते कळलं.

रस्ता मोकळा होता, पण अगदी निर्मनुष्य नव्हता. दूधवाला जायचा, फिरायला आलेले दोघं-चौघं असायचे, मिलकडं जाणारा टेम्पो माणसं भरून यायचा आणि त्यातली सगळी डोकी आमच्याकडं वळायची. धोतर-टोपीतला एक म्हातारा गळ्यात तेलाचा डबा अडकवून लाटण्यानं बडवतोय आणि त्याच्या शेजारून साडीवर स्वेटर आणि बूट घातलेली बाई जपून पावलं टाकतेय. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला ते असह्य झालं. मी थांबले आणि हळू आवाजात म्हटलं, "बापू, लोक बघतात."

त्यांनी वाजवणं थांबवलं नाही. "बघू दे," म्हणाले. "माझ्याकडं बघून राह्यलेत ते. तुझ्याकडं कुणाचं लक्ष न्हाई."

ते खरं होतं. टेम्पोतली माणसं त्या डब्याकडं बघत होती, त्या लाटण्याकडं, त्या गाण्याकडं. माझ्या उजव्या पायाकडं कुणीच बघत नव्हतं. हे त्यांना नंतर सुचलेलं उत्तर होतं की डबा गळ्यात घालतानाच त्यांनी हा विचार केला होता, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आयुष्यभर गावात मान राखून राहिलेला माणूस. उन्हाळ्यापासून माझ्यावर असलेल्या नजरा त्यांनी उचलून स्वतःच्या गळ्यात घातल्या, ते मला त्या वेळी समजलं, आणि पुढची सगळी फेरी मला रस्ता धूसर दिसत होता.

मार्गशीर्षात थंडी कडक झाली. सकाळी तोंडातून वाफ निघायची. मी आधी रस्त्याच्या अर्ध्यापर्यंत जायची, मग टोकापर्यंत, मग टोकापर्यंत जाऊन परत. बापूंना माझी चाल सुधारताना बघून मास्तरकी आठवली असावी. मॅडमनी सांगितलं होतं त्यापेक्षा त्यांचा हात जलद पडायला लागला. एका सकाळी आदल्या दिवशीचा थकवा माझ्या अंगात होता, मी तो बोलले नाही, आणि बापूंच्या लाटण्याचा वेग चढत गेला. दोन फेऱ्या मी तशाच ओढल्या. तिसरीत उजवा पाय वेळेवर आला नाही. गुडघ्यावर पडले, तळहात खरचटले.

बापू धावत आले नाहीत. आधी गळ्यातला डबा काढून बाजूला ठेवला, मग माझ्या शेजारी तिथंच डांबरावर खाली बसले. मांडी घालून. माझ्या हातातले खडे एकेक करून काढले. चूक माझी आहे, म्हणाले, मी पुढं पळालो. या माणसाच्या तोंडून असं वाक्य त्यांच्या मुलानंसुद्धा ऐकलं नसेल. मग हरभऱ्याकडं बघत, माझ्याकडं न बघता बोलले.

"तुझी सासू माझ्या मागं धा पावलं चालायची. फाट्यापासून शेतापर्यंत, सगळी हयात. मला वाटायचं बायकांची चालच तशी असती. तिचे गुडघे कधीचे गेल्ते, ते मला दवाखान्यात कळलं. एकदा बी थांबलो न्हाई मी तिच्यासाठी."

सासूबाई मला आठवत होत्या, डोक्यावर भाकरीचं गाठोडं, एक हात कमरेवर, पुढं गेलेल्या टोपीवर नजर. त्या कधी हाक मारायच्या नाहीत. ऊन आमच्या पाठीवर आलं होतं आणि छान लागत होतं. एक टेम्पो आमच्यापाशी हळू झाला, ड्रायव्हरनं विचारलं, बापूंनी हातानंच सगळं ठीक असल्याचं सांगितलं आणि तो गेला. मग बापूंनी मला विचारलं, "उठायचं का अजून बसायचं?" मला काय हवंय हे विचारणारा त्यांचा तो पहिला प्रश्न. मी म्हटलं, अजून थोडं बसू. आम्ही बसलो.

त्या दिवसानंतर बापू रोज निघताना विचारायचे, आज कसं आहे. मीही खरं सांगायला लागले. कसं आहे ते कुणालाच खरं सांगायची सवय मला नव्हती. आजारी बाईनं घरच्यांना बरं आहे म्हणायचं, हे मी कुठून शिकले कुणास ठाऊक. आज पाय जड आहेत म्हटलं की ठेका उतरायचा. आज बरं आहे म्हटलं की तसाच. मिस्टरांनी एका रविवारी बापूंना ओट्यावर बसवून तो सगळा प्रकार मोबाइलवर रेकॉर्ड केला, तीन वेगांत. नावं बापूंनीच दिली: हळू, बराबर आणि जल्दी. मागून कुठंतरी कुकरची शिट्टी आलीय त्यात, आणि 'जल्दी'च्या शेवटी बापूंचा ठसका. पुन्हा रेकॉर्ड करू म्हणाले होते मिस्टर, पण मी नको म्हटलं.

त्याच सुमारास कंपनीत कपाशीच्या बियाण्याचे नमुने यायला लागले. पोत्यांवर पोती. मी साहेबांना सांगितलं की पंधरा दिवस मला माझ्या जुन्या जागेवर करून बघू द्या. एका कानात इयरफोन, दुसरा कान माणसांसाठी मोकळा, आणि थंड खोली ते टेबल, टेबल ते थंड खोली. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा. बरोबरच्या मुली आधी बघायच्या, मग त्यांनाही ते पाठ झालं. ट्रे हातात घ्यायच्याऐवजी मी चाकांची गाडी मागून घेतली. दुपारी दोननंतर पाय ऐकेनासे झाले की अर्धा तास खुर्चीत बसायचं, हेही मागून घेतलं. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात साहेब माझ्या टेबलापाशी थांबले, उलगडलेल्या गुंडाळीतले कोंब बघितले, नोंद बघितली आणि म्हणाले, ठीक आहे, चालू द्या. राजीनाम्याच्या कागदाच्या मागच्या बाजूला मी त्या दिवशी तिळगुळासाठी किराण्याची यादी लिहिली.

मॅडमकडं त्या महिन्यात एक गंमत झाली. व्हरांड्यात मी 'बराबर'वर चालत होते आणि मॅडमनी न सांगता मधेच आवाज बंद केला. मला ते टोकाला पोचल्यावर कळलं. पाय चालूच राहिले होते, त्याच ठेक्यात. आता तो ठेका तुमच्या आत शिरलाय, मॅडम म्हणाल्या. घरी येऊन बापूंना सांगितलं. ते पेपर वाचत होते. वाचतच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाण्याची शेवटची ओळ बदललेली होती. करडी, जवस, चाल भराभरा.

मला अजूनही 'जराजरा' जास्त आवडतं.

मार्च आला आणि ऊन तापलं. हे सांगायला नको वाटतं, पण सांगितलं नाही तर ते खोटं होईल. पाय पुन्हा जड झाले, दुपारचा घासण्याचा आवाज परत आला, आणि एप्रिलमध्ये पाच दिवस सलाइनमधून औषध घ्यावं लागलं. इतकी मेहनत करून सगळं पुन्हा तिथंच, असं वाटून मी एक दिवस घरात भांडी आपटली. बापू तेव्हा वाटूरला परतले होते, तूर विकायची होती. फोनवर त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, शाळा उन्हाळ्यात बंदच असते, जूनला परत उघडते. माझी शाळा जूनला नाही, दिवाळीनंतर उघडते, हे त्यांनाही मग कळत गेलं. तेव्हापासून दर वर्षी बापू थंडीबरोबर जालन्याला येतात. यंदा हरभरा पेरून झाला की येणार आहेत. आता त्यांचं वय झालंय, डबा गळ्यात घेतला की मान दुखते, म्हणून नुसते टाळ्या वाजवत माझ्या शेजारून चालतात.

या आजाराला मी चांगला म्हणणार नाही. त्यानं माझं पुष्कळ हिरावून घेतलंय. पण त्या हिवाळ्यात मला एक माणूस मिळाला, जो इतकी वर्षं माझ्याच घरचा होता. सकाळी सातच्या उन्हात डांबरावर पडलेल्या आमच्या दोन सावल्या मिळाल्या, एक उंच आणि एक बुटकी, एकाच वेळी पाय उचलणाऱ्या. कुणाचे आभार मानायचे ते मला नेमकं कळत नाही, म्हणून मी सगळ्यांचेच मानते.

गेल्या गुरुवारी मॅडमचा फोन आला. मंठ्याकडची एक बाई आली आहे, नुकतंच निदान झालंय, मॅडम बोलतात ते तिला पटत नाही, तुम्ही येऊन भेटाल का? मी गेले. उषा तिचं नाव. तिशीची असेल. शिवणकाम करते. नवऱ्यानं मोटारसायकलवरून आणलेलं, तो बाहेरच गाडीवर बसून राहिला होता. ती खुर्चीत पदर घट्ट ओढून बसली होती आणि तिनं मला आधी जवळजवळ तोच प्रश्न विचारला, जो मी त्या वर्षी डॉक्टरांना विचारला होता. तुम्ही बऱ्या झालात का?

मी म्हटलं, नाही. बरी नाही झाले. पण चालते.

तिनं माझ्या बुटांकडं बघितलं. मग उठली. मी मोठ्या हौसेनं बापूंचं 'हळू' लावलं, तर ते तिला जलदच पडलं. पाय एकमेकांत अडकायला लागले, तिचा चेहरा पडला. मी मोबाइल बंद केला. तिला नुसतंच चालायला सांगितलं आणि शेजारून चालत तिची पावलं मोजली, ओठांतल्या ओठांत. मग माझी पाण्याची स्टीलची बाटली रिकामी केली आणि पेनानं तिच्यावर ठोका धरला. हळूच्याही खाली. शब्द काय घ्यायचे ते मला सुचेना, ज्वारी-बाजरी तिचं नव्हतं. दोन फेऱ्या झाल्यावर तीच पुटपुटायला लागली. नीट ऐकलं तेव्हा कळलं: बाही, गळा, काज, गुंडी. बाही, गळा, काज, गुंडी. व्हरांड्याच्या टोकाला जाऊन ती भिंतीला हात न लावता वळली.

निघताना मी तिच्याबरोबर दारापर्यंत गेले. नवऱ्यानं तिला बघून घाईघाईनं गाडी चालू केली आणि अगदी पायरीला आणून लावली. ती पायरीवरच थांबली.

"चौकापर्यंत मी चालत येते," ती त्याला म्हणाली.

त्यानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. गल्लीत पोत्यांच्या हातगाड्या होत्या, रिक्षा होत्या. त्यानं गाडी बंद केली, खाली उतरला, आणि हँडल धरून गाडी ढकलत तिच्या शेजारून चालायला लागला. पहिल्या काही पावलांत गाडी पुढं गेली. तो थांबला. मग ती दोघं माझ्या नजरेआड होईपर्यंत गाडीचं चाक आणि तिची पावलं एका रेषेत होती.